गोळीलाही कल्हई लागते

सांगोल्यातल्या जुन्या माणसांना कल्हईवाला आठवत असेल. भात्यानं निखारे फुलायचे, पितळेचं पातेलं तापायचं, नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं की भांडं आतून चांदीसारखं झळकायचं. थर अगदी पातळ, पण तो नसला तर आमटी कळकलीच म्हणून समजा. पितळेची आणि आंबटाची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच त्या कथलाचं काम.

पिस्तुलाच्या गोळीचं दुखणंही असंच आहे. गोळी शिशाची, कारण शिसं जड आणि मऊ. नळीच्या आत मळसूत्रासारख्या खाचा असतात. मऊ शिसं त्यांत घट्ट बसतं, गिरक्या घेत बाहेर पडतं आणि भोवऱ्यासारखं तोल सांभाळत जातं. पण हाच मऊपणा नडतो. शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला. मागून रेटणारा दारूचा वायू त्याच्या कितीतरी पट तापलेला. कडेनं वायू निसटला की तो शिसं खरवडतो, ते नळीला चिकटतं आणि नेम बिघडतो.

म्हणून मध्ये काहीतरी हवं. वेग कमी असेल तर मेण किंवा चरबीचा हात पुरतो. पिस्तुलाच्या वेगाला आता पॉलिमरचा थर चालतो : गोळीवर रंगासारखा चढवून भट्टीत भाजलेला. रायफलीच्या प्रचंड वेगाला मात्र तांब्याचं कवचच लागतं. १८८२ साली स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिन यांनी ते पुढे आणलं. गंमत अशी, की नेहमीच्या लष्करी गोळीचं हे कवच बुडाशी उघडं असतं, तिथून शिशाची वाफ सुटते. पॉलिमर मात्र बुडासकट सगळी गोळी झाकतं. बंदिस्त रेंजवर रोज सराव करणाऱ्याच्या फुप्फुसांना हा फरक कळतो.

आणि खरीखुरी कल्हई? तीही करून झाली! अमेरिकेत १९२१च्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेसाठी गोळ्यांच्या कवचावर कथील चढवलं. नळ्या स्वच्छ राहिल्या. पण काडतुसाची पुंगळी पितळेची. तिच्या गळ्याशी कथील हळूहळू जडून बसलं, गोळी सुटायला जोर लागू लागला. त्यात काही नेमबाजांनी सवयीनं वरून ग्रीस फासलं आणि दाब धोकादायक पातळीला गेला. तो प्रयोग तिथंच आटोपला. पितळेला कथील कसं धरून बसतं, हे आपल्या कल्हईवाल्यानं निखाऱ्यापाशी बसल्या बसल्या सांगितलं असतं.

अर्थात हे प्रयोग घरी करायचे नव्हेत. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. पण थर निवडण्यामागचं सूत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे : जाड तो चांगला असं नाही, वेगाला शोभेल तो चांगला.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. आणि ते गाठणारी पॉइंट टू-टूची गोळी साधारण अडीच ग्रॅम शिशाची. रायफल असली तरी हिचा वेग कमी, म्हणून अंगावर तांब्याचं कवच नाही, फक्त मेणचट हात फिरवलेला.