खांद्यापर्यंतचं हँडल

“बारा इंची बसवू की सोळा?” क्रूझरला उंच हँडल लावायला आलेला माणूस हा प्रश्न घेऊनच गॅरेजात शिरतो. फोटोत पाहिलेलं हँडल त्याच्या डोळ्यांसमोर असतं आणि आकडा ठरला की काम झालं, असं त्याला वाटतं. पण या आकड्यावर फार विसंबू नये. एक उत्पादक उंची क्लॅम्पच्या मध्यापासून मूठ धरायच्या जागेपर्यंत मोजतो, दुसरा पाइपच्या सगळ्यात वरच्या वळणापर्यंत. दोन ‘बारा इंची’ हँडलं शेजारी ठेवली तर त्यांत चांगलाच फरक निघू शकतो. म्हणून विकत घेण्याआधी विचारायचं ते हे, की कुठून कुठपर्यंत मोजलंय?

जगभर या हँडलांना ‘एप हँगर’ म्हणतात. ती धरून बसलेला स्वार फांदीला दोन्ही हातांनी लोंबकळणाऱ्या माकडासारखा दिसतो, म्हणून हे नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटरसायकलींचे नको ते भाग काढून टाकायची लाट आली. त्यातून पुढे ‘चॉपर’ घडले आणि उंच हँडल ही त्यांची ओळख झाली. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटात पीटर फोंडानं चालवलेल्या ‘कॅप्टन अमेरिका’ या गाडीनं ते रूप जगाच्या डोळ्यांत भरवलं. पोलिसांकडून निकाली निघालेल्या जुन्या हार्ली-डेव्हिडसन घेऊन ती घडवण्यात क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या कृष्णवर्णीय कारागिरांचा मोठा हात होता, पण त्यांची नावं लोकांपुढे यायला पुढे कित्येक वर्षं लागली.

आपल्याकडेही ही ओढ नवी नाही. मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी बुलेटच्या इंजिनांवर चॉपर बांधले आणि आपल्या कामाला नाव दिलं ‘वर्देंची’. गोव्यात २०१३ मध्ये सुरू झालेल्या इंडिया बाइक वीकसारख्या मेळाव्यांत उंच हँडलची गाडी दिसली की तिच्याभोवती आजही घोळका जमतो. हार्लीची ‘स्ट्रीट बॉब’ तर छोटे एप हँगर कारखान्यातूनच लावून आली.

खरी मोजपट्टी म्हणजे स्वाराचं शरीर. एकानं गाडी सरळ धरायची. स्वारानं रोजचं जॅकेट आणि बूट घालून बसायचं, पाठ तासभर चालवल्यावर जशी असते तशीच सैल ठेवायची आणि डोळे मिटून हात पुढे करायचे. कोपर किंचित वाकलेलं हवं. मुठी जिथे आरामात थांबतात, तिथून क्लॅम्पपर्यंतची उभी उंची आणि मागेपुढे होणारं अंतर मदतनिसानं टेपनं मोजायचं. उभं माप म्हणजे राइज. हँडल स्वाराकडे किती मागे यायला हवं, ते दुसऱ्या मापावरून कळतं आणि त्याला पुलबॅक म्हणतात. त्याहूनही सोपा उपाय म्हणजे प्लंबिंगचे पीव्हीसी पाइप आणि एल्बो जोडून एक नमुना बनवायचा आणि तो क्लॅम्पवर धरून पाहायचा. चार पैशांचं हे काम महागडं हँडल परत करण्याची पाळी टाळतं.

हा नमुना धरून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहायला बहुतेक जण विसरतात. वळताना बाहेरच्या बाजूची मूठ स्वारापासून लांब जाते. हँडल फार रुंद किंवा फार पुढे असेल तर आंबोली घाटातल्या तीव्र वळणावर हात पुरत नाही आणि अख्खं शरीर पुढे ओढलं जातं. आतली मूठ टाकीवर आपटता कामा नये, हेही तेव्हाच दिसतं.

उंचीबद्दल ठामपणे सांगायला हवं की मुठी खांद्याच्या वर जाऊ देऊ नयेत. हात बराच वेळ हृदयापेक्षा उंच राहिले की लवकर दमतात, बोटांना मुंग्या येतात आणि ब्रेकवरची पकड सैल पडते. पुणे ते गोवा एवढ्या प्रवासात हे जिवावर बेतू शकतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी उंचीवर मर्यादा घातली आहे. कॅलिफोर्नियात मुठी खांद्याच्या पातळीपेक्षा सहा इंचांहून वर असलेली गाडी चालवता येत नाही. कायदा तेवढी मुभा देतो म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही.

पाइपची जाडीही जुळली पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना २२ मिलिमीटरचं हँडल असतं, हार्लीला एक इंची. गल्लीतल्या पाइप बेंडिंगवाल्याकडून वाकवून आणलेलं हँडल स्वस्त पडतं खरं, पण पाइप पातळ असेल तर वळणावर चपटा होतो आणि तिथेच चीर जाते. या बाबतीत काटकसर नको.

मेहनतीचा मोठा भाग हँडल बसवल्यावर सुरू होतो. मुठी वर गेल्या की क्लच वायर, एक्सलेटर वायर, ब्रेकचा होस आणि स्विचांचं वायरिंग, सगळंच कमी पडतं. क्लच वायर लांब घेता येते आणि वायरिंगही वाढवता येतं. जोड मात्र सोल्डर करून, वर हीट श्रिंक चढवून, एकमेकांपासून थोडे पुढेमागे ठेवायचे, म्हणजे एकाच जागी गाठ होत नाही. ब्रेकच्या होसला जोड द्यायचा नाही. योग्य लांबीचा नवा होस घ्यायचा, बँजो बोल्टला तांब्याचे नवे वॉशर घालायचे, नवं ब्रेक ऑइल भरून हवा काढायची. हे ऑइल टाकीच्या रंगावर सांडलं तर रंग उतरतो, म्हणून काम सुरू करण्याआधी टाकी झाकावी. काही एबीएस गाड्यांत मॉड्युलेटरमध्ये अडकलेली हवा साध्या पंपिंगनं निघत नाही आणि कंपनीचा स्कॅनर लागतो. ब्रेक दाबताना स्पंजासारखा लागत असेल तर गाडी गॅरेजातून हलवायची नाही.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. उंच हँडल हा लांब दांडा आहे. खाली हँडल ज्यावर बसतं त्या रायझरच्या रबर बुशवर तो मोठा ताण देतो आणि हँडल डुलायला लागतं. मऊ बुश काढून कडक बुश घातले की हे थांबतं, फक्त मुठींना व्हायब्रेशन थोडं जास्त जाणवतं.

कायद्याची बाजू आधीच पाहिलेली बरी. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्यामुळे हँडल मागवण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी. कंपनीच्याच अॅक्सेसरीजमध्ये मनासारखं काही मिळालं तर तो रस्ता सोपा.

सगळं जोडून झालं की गाडी न्यूट्रलमध्ये चालू करायची आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू वळवायचं. इंजिनाचा आवाज कुठेही चढला तर एक्सलेटर वायर ताणली जातेय. ती सोडवल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. मग मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगानं आठचे आकडे काढायचे. शंभर किलोमीटर झाले की टॉर्क रेंच घेऊन क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा तपासायचे आणि टाकीजवळ वाकून, होस कुठे घासल्याची चकाकी दिसतेय का ते बघायचं.