नागसेनवनाची इमारत आणि आमची समाजमंदिरे

१४ जानेवारीच्या नामविस्तार दिनाला पेण-रोह्याकडूनही कार्यकर्ते औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जातात. विद्यापीठाच्या गेटला अभिवादन करतात, पुस्तके घेतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. विद्यापीठाच्या शेजारीच नागसेनवन आहे. तिथे मिलिंद महाविद्यालयाची दगडी इमारत उभी आहे. ती तासभर थांबून पाहा, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे समाज लढला, ते स्थापन झाले १९५८ साली. मिलिंद त्याच्या आठ वर्षे आधीचे. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठच नव्हते, म्हणून ते हैदराबादच्या उस्मानियाशी संलग्न होते.

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेही लष्कराच्या बराकींत! आम्हा कोकणातल्या लोकांना सिद्धार्थ जवळचे. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. रोह्याला रेल्वे आली ती १९८६ साली. त्याआधी पेणकडचा मुलगा धरमतरला लाँचमध्ये बसून मुंबई गाठायचा आणि गिरणीत नाहीतर कचेरीत लागायचा. अशा पोटासाठी राबणाऱ्या मुलांसाठी बाबासाहेबांनी सिद्धार्थचे वर्ग सकाळी ठेवले. आधी वर्ग, मग काम. इमारत नसली तरी चालेल, पण मुलगा शिकला पाहिजे, हा तिथला हिशेब होता.

मग औरंगाबादला त्यांनी इमारतीचा एवढा आग्रह का धरला? निजामाची राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली. जून १९५० मध्ये महाविद्यालय सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलावरून कायदामंत्रिपद सोडले. एवढ्या धामधुमीतही ते औरंगाबादला येऊन राहत, नकाशे स्वतः तपासत, बांधकामावर उभे राहून दगडाचे काम पाहत, झाडे लावून घेत. शंभराहून अधिक एकरांचा माळ त्यांनी शिक्षणासाठी घेतला. साताऱ्याच्या शाळेत ज्यांना स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसावे लागले, त्यांना वर्गाची जागा म्हणजे काय हे कुणी सांगायची गरज नव्हती. गावकुसाबाहेरच्या झोपडीतून येणाऱ्या पोराला उधारीची, पडकी जागा देणे त्यांना मंजूर नव्हते.

नावेही पाहा. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, प्रश्नांनी भल्याभल्यांना निरुत्तर करणारा. त्याला उत्तरे दिली ती भिक्खू नागसेनाने. म्हणून महाविद्यालय मिलिंद आणि परिसर नागसेनवन. विद्यार्थी प्रश्न विचारणार, हे पाटीवरच लिहून ठेवले आहे. पुढे इथेच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले, हा काही योगायोग नव्हे.

या वारशाचे आज काय चालले आहे, यावर लिहावे तेवढे थोडे. सोसायटीच्या ताब्याचे भांडण गटागटांत वर्षानुवर्षे चालले, कोर्टात गेले. नेत्यांनी एकमेकांना जाब विचारला; दगडाच्या सांध्यात उगवणाऱ्या पिंपळाला कुणी विचारले नाही. असो.

आमचा मुद्दा आमच्या दोन तालुक्यांचा आहे. आमदार-खासदार निधीतून नाहीतर समाजकल्याणच्या योजनेतून वस्तीवस्तीत समाजमंदिरे होतात. चार भिंती, वर पत्रा नाहीतर स्लॅब, दर्शनी भिंतीवर निधी देणाऱ्याचे नाव. अनेक ठिकाणी कुलूप उघडते ते १४ एप्रिलला आणि लग्नाला. कोकणातला पाऊस माहीत असूनही छताला पुरेसा उतार नाही, म्हणून तिसऱ्या वर्षी भिंतीला ओल. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी एका खोलीच्या घरात टीव्हीच्या आवाजात पुस्तक धरून बसते आणि शंभर पावलांवर सभागृह रिकामे! ठेकेदाराला कुणी विचारत नाही, कारण ठेकेदार बहुधा आपल्याच पुढाऱ्याचा माणूस असतो.

बाबासाहेबांनी नकाशा स्वतः पाहिला. आम्ही निदान ग्रामसभेत तो मागू. पुढचा प्रस्ताव जाण्याआधी वस्तीतल्या शिकणाऱ्या पोरापोरींना बसवून विचारा: खिडक्या कोणत्या बाजूला हव्यात, कपाटे किती, रात्री दहापर्यंत दिव्याचे बिल कोण भरणार, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, आणि किल्ली कुणाकडे राहणार.