बारा आऱ्यांचं चाक

जुन्या मोटारींच्या मिरवणुकीत लोक दिवे बघतात, भोंगा वाजवून पाहतात, पितळेवर हात फिरवतात. माझी नजर मात्र चाकाकडे जाते. चाकाचे आरे लाकडी असतील, तर ते मधल्या लोखंडाला जिथे मिळतात ती जागा मी वाकून पाहतो. तिथे रंगाला बारीक तडा गेला असेल आणि त्यातून गंजाची तांबूस पूड डोकावत असेल, तर गाडी कितीही चकचकीत असो, मला तिच्यात बसायला बोलावू नका. ते चाक आधी खोलायला हवं.

कविता लिहिणाऱ्याला हे कुठून सुचलं, असं विचाराल. आमच्या मोहल्ल्यात टांग्यांची चाकं बांधणारे एक मिस्त्रीचाचा होते. एका हौशी मालकाची फोर्ड 'मॉडेल टी' त्यांच्याकडे आली, तेव्हा तिचं मागचं चाक उकलताना मी दोन दिवस शेजारी बसून होतो.

ही 'मॉडेल टी' अमेरिकेत 1908 ते 1927 या काळात तयार झाली. दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. आपल्याकडे ती कॅनडातल्या फोर्ड कंपनीमार्फत यायची, कारण ब्रिटन सोडून साम्राज्यातल्या बहुतेक देशांचा व्यवहार त्या कंपनीकडे होता. तारेच्या आऱ्यांची चाकं अगदी शेवटी, 1926 च्या सुमारास मिळू लागली. तोवर चाक लाकडी. लाकूड हिकरीचं, अमेरिकेत कुऱ्हाडीचे आणि हातोड्याचे दांडे ज्याचे करतात तेच. चिवट, धक्का सोसणारं.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. त्यात मधोमध लाकडी तुंबा, तुंब्याच्या भोकांत ठोकलेले आरे आणि सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. मोटारीच्या चाकात लाकडी तुंबाच नाही. बारा आऱ्यांची आतली टोकं पाचरीसारखी निमुळती असतात आणि सोललेल्या मोसंबीच्या फोडींसारखी एकमेकांना भिडतात. दोन्ही बाजूंनी लोखंडी चकत्या आणि आरपार सहा बोल्ट. बाहेरच्या टोकाला प्रत्येक आऱ्याचं गोल शेपूट कड्याच्या भोकात बसतं. खिळा नाही, सरस नाही. कमानीचे दगड एकमेकांना दाबून उभे राहतात, तसं हे चाक निव्वळ दाबावर उभं असतं. म्हणून एक आरा ओढून काढू म्हटलं तर निघत नाही. आणि एक सैल झाला की बाकीचे अकराही सैल होऊ लागतात.

आता खोलण्याबद्दल. या गाडीचा हातब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की गाडी मोकळी झाली. तेव्हा पुढच्या चाकांना ओंडके लावायचे, आसाखाली भक्कम ठोकळे द्यायचे. नुसत्या जॅकवर भिस्त ठेवायची नाही. मग टायरमधली हवा पूर्ण काढायची. मागचं चाक निमुळत्या दांड्यावर, चावीच्या आधाराने घट्ट बसलेलं असतं. नट काढला तरी ते हलत नाही. इथे घाईची माणसं हातोडा घेतात आणि दांड्याचे आटे बिघडवून बसतात. चाकाच्या तोंडाच्या आट्यांवर बसणारा पुलर लावून हळूहळू ओढलं की ते आपणहून सुटतं.

चाक खाली उतरल्यावर चाचांनी पान्याला हातच लावला नाही. "पहले निशान, फिर पाना," म्हणाले. आऱ्यांना एक ते बारा आकडे, कड्याच्या भोकांना तेच आकडे, आणि आतली बाजू कुठली याची खूण. मग प्रत्येक आऱ्यावर लाकडी मोगरीने टिचकी. धडधाकट आरा खणखणीत बोलतो, चिरलेला बद्द वाजतो. बोल्टची टोकं कारखान्यातच ठोकून पसरवलेली असतात, ती कानशीने घासल्याशिवाय नट फिरत नाही. बोल्ट निघाले तरी चाक तसंच राहतं! मग कडं चहूबाजूंनी टेकवून मधल्या भागावर खालून दाब द्यायचा. बारा आरे छत्रीच्या काड्यांसारखे वर उठतात, दाब सुटतो आणि ते एकेक करून हातात येतात. (ही रीत पोलादी कड्याच्या चाकाची.)

सैल चाकावर आपला गावठी इलाज म्हणजे ते पाण्यात ठेवणं. बैलगाडीचं चाक नदीत टाकलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण तिथे धाव पुन्हा तापवून चढवता येते. मोटारीच्या चाकात फुगलेलं लाकूड चकत्यांमध्ये आणि शेजारच्या आऱ्यांवर चिरडतं, त्याचे तंतू दबतात, आणि वाळल्यावर ते पूर्वीपेक्षा बारीक होतं. बोल्टना गंज चढतो तो वेगळाच. मिरवणुकीपुरतं चाक गप्प बसतं, एवढंच. जवसाचं तेल पाजणारेही भेटतात. तेलाने लाकडाचं वरून रक्षण होतं, झिजलेली पाचर जाड होत नाही.

दोनच आरे चिरलेले असले तर दोनच बदलावेत का? मालकाचा आग्रह तोच होता. चाचांनी हिशेब मांडला: प्रत्येक आरा पाव मिलिमीटरने आटला असला, तर बाराजणांचे मिळून तीन मिलिमीटर होतात. एवढ्या फटीत दाब कुठून यायचा? आणि मागच्या चाकाचे आरे नुसतं वजन पेलत नाहीत. इंजिनाचा सगळा रेटा त्यांच्यातूनच रस्त्यापर्यंत जातो. मालक कुरकुरला, पण बाराही नवे झाले.

बसवताना तीच छत्री उलट दिशेने. आरे कड्यात घालून मधोमध उभारायचे आणि प्रेसने सावकाश खाली दाबायचे. सपाट होताना लाकूड करकरतं, तो आवाज ऐकून मालकाने डोळे मिटून घेतले होते. नंतर समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे, आणि शेजारी खिळा रोवून चाक डुलतं का ते फिरवून बघायचं. बोल्टची टोकं मात्र लगेच ठोकायची नाहीत. गाडी थोडी चालवून आणायची, नट पुन्हा आवळून बघायचे आणि मग ठोकायची.