तेरड्याची शुंडिका

गौरी-आवाहनाच्या सुमारास अंधेरी, घाटकोपर किंवा बोरिवलीच्या स्टेशनाबाहेर आघाडा, दूर्वा आणि हळदीची पाने यांच्या शेजारी ज्या तेरड्याच्या मुळासकट जुड्या मांडलेल्या असतात, त्यांकडे गिऱ्हाईक पाहते ते पूजेचे साहित्य म्हणून. आणि त्या गुलाबी फुलामागे जी बारीक, वाकडी, पोकळ नळी लोंबत असते, तिच्याकडे तर सहसा कोणाचेच लक्ष जात नाही. वनस्पतिशास्त्रात या नळीस शुंडिका म्हणतात. तिच्या तळाशी मध असतो, आणि हा मध कोणाच्या हाती लागावा व कोणाच्या लागू नये, या एका व्यवहारापोटी वनस्पतिसृष्टीत केवढी विविधता निपजली, हे मोठे मनोवेधक प्रकरण आहे.

त्याचा सर्वांत ठळक दाखला कोलंबाइन या थंड मुलखातील फुलाचा. त्याच्या सुमारे सत्तर जाती असून काही हिमालयात व काश्मीरच्या कुरणांत आढळतात. सह्याद्रीच्या वाट्यास मात्र एकही आलेली नाही. कोलंबाइनला पाच पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीस स्वतंत्र शुंडिका. अमेरिकेतील जातींपैकी काहींची शुंडिका बोटाच्या पेराएवढी, तर एका जातीची दहा सेंटिमीटरांहूनही लांब भरते. व्हिटॉल आणि हॉजेस या शास्त्रज्ञांनी २००७ साली असे दाखविले, की फुलाचा ग्राहक जेव्हा बदलतो, म्हणजे भुंग्याऐवजी हमिंगबर्ड किंवा त्याच्याऐवजी लांब सोंडेचा निशाचर पतंग येऊ लागतो, तेव्हा शुंडिकेची लांबी एकदम झेप घेते, आणि एरवी ती जवळजवळ स्थिर राहते. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून याहूनही विस्मयकारक गोष्ट उघडकीस आली: आखूड व लांब शुंडिकांत पेशींची संख्या फारशी निराळी नसते, त्याच पेशी कमीअधिक ताणल्या जातात. म्हणजे निसर्गाने नवी भरती न करता जुन्याच शिबंदीकडून काम करवून घेतले.

तेरडा हा कोलंबाइनचा सगोत्र नव्हे. त्याचे कुलच निराळे. त्याने ही युक्ती स्वतंत्रपणे साधली, आणि तीही पाकळीतून नव्हे तर संदलातून, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या दलातून. उमलण्यापूर्वी फूल आपल्या देठावर अर्ध्या वळणाने फिरते, त्यामुळे जे संदल मुळात वरचे, ते खाली येऊन मधाची नळी बनते. मध पिण्यास आलेल्या फुलपाखराच्या किंवा लांब जिभेच्या मधमाशीच्या पाठीवर वरून पराग झडतो. कारण पाच परागकोश एकत्र जुळून किंजल्कावर टोपीसारखे बसलेले असतात. पराग संपला की ती टोपी गळते, आणि तेव्हा कोठे किंजल्क परका पराग घेण्यास मोकळा होतो. आपलाच पराग आपल्यालाच लागू नये, याचा इतका चोख बंदोबस्त करणारे फूल आरे वसाहतीच्या ओल्या बांधावर, मुलुंडच्या डोंगरउतारावर किंवा कान्हेरीच्या रस्त्याकडेस गवतासारखे उगवते, म्हणून त्याची किंमत आपणांस कळत नाही.

लिनिअसने १७५३ साली ज्या ‘इंपेशन्स बाल्समिना’ या नावाने तेरड्याची नोंद केली, त्या एका जातीतच इतके भेद आहेत, की वनस्पतिशास्त्रज्ञ सर जोसेफ हूकर यांना ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या पहिल्या खंडात तिचे अनेक प्रकार पाडावे लागले: कोणाचे फूल मोठे, कोणाचे इवलेसे, कोणाचे गुलाबी, कोणाचे तांबडे. इंपेशन्स या सबंध प्रजातीने हूकरना इतके झपाटले, की १९११च्या डिसेंबरात, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, मृत्यूने गाठले तेव्हाही तेरड्यांचे वर्गीकरण चालूच होते. एकट्या आपल्या महाराष्ट्रातही पिवळा तेरडा आहे, आणि भिजलेल्या कड्यांना चिकटून राहणारा, धाग्यासारख्या लांब शुंडिकेचा तेरडाही आहे.

बागाइती तेरड्याची कथा वेगळी. नर्सरीत गुलाबासारखी भरगच्च फुले येणारे जे ‘डबल’ वाण विकले जाते, त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. युरोपातील कोलंबाइनचेही असे भरगच्च वाण झाले. डार्विनच्या नातीचे, नोरा बार्लो यांचे नाव धारण करणारा प्रसिद्ध प्रकार दुहेरी पाकळ्यांचा आहे, पण त्यास शुंडिकाच नाही. अशी फुले दिसण्यास भरदार खरी. परंतु परागाची आणि मधाची कोठी मोडून वर नक्षीदार गच्ची चढविण्याचा हा प्रकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेरड्याच्या अंगी आणखीही गुण आहेत. मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य त्याच्यातही असून कोरियात त्याने नखे रंगवितात. त्याचे पिकलेले बोंड बोट लागताच फुटते, पाच शकले क्षणार्धात गुंडाळी होऊन आत वळतात आणि बी दूर उडते. लहान मुलांना हा खेळ शिकवावा लागत नाही. मात्र तेरडा एकाच पावसाळ्याचा धनी आहे. पुढील वर्षाचा सारा वंश त्या बोंडांत असतो, आणि गौरीची पावले म्हणून आपण मुळासकट उपटतो ते रोप बहुधा बोंड पिकण्यापूर्वीच. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत रोप उपटण्यास १९७२च्या वन्यजीव अधिनियमाची मनाई आहेच. हद्दीबाहेर मात्र विवेकावाचून दुसरा पहारेकरी नाही. तेव्हा उपनगरवासी वाचकांस विनंती एवढीच, की मृगाच्या पहिल्या पावसात उन्हाच्या बाजूच्या खिडकीत एका कुंडीत तेरड्याचे बी टाकावे. भाद्रपदापर्यंत ते फुलते, आणि घरच्या गौरीस घरचेच रोप मिळते. बी मागताना मात्र एकेरी पाकळीचेच मागावे.