चाल हरवलेली वही

वडिलांच्या भजनांच्या वहीत प्रत्येक भजनाच्या वर उजव्या कोपऱ्यात एक ओळ आहे. 'चाल' असा शब्द, पुढे एक रेघ आणि मग दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे सुरुवातीचे दोन-तीन शब्द. ते गाणे ज्या चालीत म्हणतात त्याच चालीत हे भजन म्हणावे, असा त्याचा अर्थ. वहीत ६३ भजने आहेत. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली, तेव्हा त्यांतल्या निम्म्या भजनांनाही मला चाल लावता येईना. शब्द समोर होते, अक्षर वळणदार होते. पण ज्या गाण्यांकडे बोट दाखवले होते ती गाणीच लोकांच्या तोंडून गेली होती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी स्वरलिपी शिकायला बसलो, तो या वहीपायी.

अकोल्याहून वाशीमकडे येताना पातूरचा घाट ओलांडला की आमचे मेडशी लागते. कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पहाटे देवळात काकडा असतो. पेटी, टाळ, ढोलकी आणि सात-आठ माणसे. पूर्वी यापेक्षा दुप्पट असत. काकड्याच्या जुन्या चाली पूर्ण येणारे आता एकच आबाजी उरले आहेत, आणि त्यांचाही दम लवकर सरतो.

'चाल' लिहून ठेवण्याची रीत काही माझ्या वडिलांनी काढलेली नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली आणि 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. त्या परंपरेतल्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदांच्या डोक्यावर अशीच चाल दिलेली असे. वाचणाऱ्याला मूळ गाणे ठाऊक आहे, असे गृहीत धरलेले होते. ही फार काटकसरीची लेखनपद्धती आहे. एका ओळीत अख्खी चाल कळते. मात्र तिचा सगळा भार ऐकणाऱ्यांच्या आठवणीवर असतो. आठवण संपली की ती ओळ म्हणजे पत्ता बदललेल्या घराचे पाकीट.

स्वरलिपी याच्या उलट वागते. ती दुसऱ्या गाण्याकडे बोट दाखवत नाही. कोणता स्वर, किती वेळ, कोणत्या अक्षरावर, हे सांगते. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात स्वरांची आद्याक्षरे मांडून गीते दिलेली आहेत. पण छापून सर्वांच्या हाती जाईल अशी लिपी हवी, हा विचार एकोणिसाव्या शतकातला. बडोद्यात मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने संगीतशाळा चालवली आणि स्वतःची लिपी वापरली. त्यानंतर दोन विष्णू आले. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांत कुलुपबंद असलेल्या शेकडो बंदिशी गवयांकडून मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि विद्यार्थ्यांसाठी आपली वेगळी लिपी तयार केली. लहानपणी फटाक्याने त्यांची दृष्टी अधू झाली होती. डोळ्यांनी वाचायची लिपी अशा माणसाने घडवली, हे मला नेहमी विशेष वाटते.

या दोन विष्णूंनीच माझा पहिला गोंधळ केला. माझ्याकडे दोन पुस्तके होती, दोन्ही जुनी, आणि दोन्हींतली लिपी एकच असणार असे मी धरून चाललो. एका पुस्तकातून पाठ केलेल्या खुणा दुसऱ्यात लावल्या आणि भलत्याच सप्तकात जाऊन पोचलो. कारण साधे आहे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असले तर तो तार सप्तकातला, आणि खाली टिंब असले तर मंद्रातला. पलुस्कर पद्धतीत मंद्राचे टिंबच डोक्यावर असते, आणि तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ. भातखंड्यांकडे हीच उभी रेघ 'म'वर आली की तो तीव्र मध्यम. कोमल स्वराखाली भातखंडे आडवी रेघ देतात, तर पलुस्कर अक्षराचा पाय मोडतात. भातखंड्यांची फुली म्हणजे सम आणि शून्य म्हणजे खाली. पलुस्करांकडे सम १ या आकड्याने दाखवतात आणि खाली अधिक चिन्हाने; तिथे शून्य स्वराखाली येते आणि अर्धी मात्रा सांगते. म्हणून नवशिक्याने पुस्तक उघडताच पहिली बंदीश वाचू नये. आधी चिन्हांचे पान शोधावे. ते पान नसेल तर सम कशी दाखवली आहे ते पाहावे. बहुतेक वेळा तेवढ्याने पद्धत ओळखू येते.

दुसरा फटका झेरॉक्सने दिला. एका ओळखीच्यांनी भैरवीतल्या भजनाचे पान झेरॉक्स करून पाठवले. मी पेटीवर वाजवले तर भैरवीचा मागमूस नाही. कितीतरी दिवसांनी मूळ पुस्तक पाहिले, तेव्हा कळले की स्वरांखालच्या बारीक रेघा झेरॉक्समध्ये उतरल्याच नव्हत्या. रे, ग, ध, नि चारही शुद्ध झाले होते. एक केसाएवढी रेघ गेली आणि राग गेला.

यापेक्षा मोठी अडचण वेळेची होती. नवशिक्या 'सा रे ग म' ही अक्षरे वाचतो, त्यांच्यामधली रेघ वाचत नाही. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात बसणारी, केवळ उदाहरणासाठी मीच जुळवलेली ही ओळ पाहा :

×              ०
सा रे ग –  |  म ग रे –
वि ठ्ठ ल ऽ  |  वि ठ्ठ ल ऽ

वरच्या ओळीतली आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर आणखी एक मात्रा धरायचा. खालचा अवग्रह म्हणजे शब्दातले अक्षर तेवढेच लांबवायचे. उभ्या रेघेने खंड पडतो. एका मात्रेत दोन-तीन स्वर असतील तर त्यांच्या खाली कंस येतो. स्वरांच्या वर कमान असेल तर ती मींड. एखादा स्वर कंसात असला, समजा (प), तर 'ध प म प' असे त्याच्याभोवती फिरून यायचे. हे सगळे मी एका आठवड्यात पाठ केले आणि आबाजींपुढे वाचून दाखवले. ते म्हणाले, "बाबू, हे त तू पाढे म्हनून राह्यला. गानं कुठी हाये यात?"

ते बरोबर होते. मी प्रत्येक रेघ गिळत होतो. त्यानंतर महिनाभर स्वर बाजूला ठेवले. मांडीवर हाताने ठेका धरून फक्त शब्द म्हणायचे, रेघेच्या जागी टाळी द्यायची आणि गप्प राहायचे. मात्रा अंगात बसल्यावर मग स्वर घातले. शिकण्याचा क्रम हाच असावा, असे आता मला वाटते : आधी काळ, मग स्वर.

आपल्या लिपीतला 'सा' कोणत्याही पट्टीत बसतो. काळी एकवर गाणाऱ्याचा सा आणि पांढरी पाचवर गाणाऱ्याचा सा कागदावर सारखाच दिसतो. पाश्चात्त्य पद्धतीत पाच रेघांवर स्वराची जागा पक्की ठरलेली असते. गोव्यात चर्चच्या आधाराने चालणाऱ्या शाळांत मुले ती लिपी लहानपणीच शिकत. त्यांतले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. संगीतकार चाल गुणगुणत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक वाद्यवृंदासाठी ती लिहून काढत, आणि व्हायोलिनचा सगळा ताफा एका इशाऱ्यावर सुरू होई. तिथे लिपीचे काम अनेकांना एकत्र वाजवायला लावण्याचे. भातखंड्यांकडे तिचे काम हरवणारे जपण्याचे. काम वेगळे, म्हणून लिपीही वेगळी.

जपताना काही सुटतेच. दरबारी कानड्यातला गंधार आणि भीमपलासातला गंधार, दोन्हींखाली एकच आडवी रेघ. दरबारीतला गंधार संथ आंदोलन घेतो, खाली झुकतो. भीमपलासातला तसा नाही. ज्याने दरबारी ऐकलेला नाही त्याला कागद हे सांगू शकत नाही. म्हणजे स्वरलिपीलाही ऐकलेल्या माणसाची गरज आहे, वडिलांच्या 'चाल' या शब्दासारखीच. फरक एवढाच की ती फार कमी आठवणीवर भागवते. सगळे गाणे विसरले तरी तिच्यावरून चालीचा सांगाडा उभा राहतो.

गेल्या कार्तिकात मी वहीतल्या चाली लिहायला घेतल्या. आबाजी म्हणायचे, मी आधी पेटीवर त्यांची पट्टी शोधायचो. मग सम कोणत्या अक्षरावर पडते ते पाहायचे, शब्द मात्रांच्या घरांत वाटायचे, रेघा घालायच्या आणि शेवटी स्वर. लिहून झाले की कागद पाहून त्यांना म्हणून दाखवायचे. हा शेवटचा टप्पा टाळता येत नाही. आपल्या चुका आपल्या कानाला दिसत नाहीत. एका भजनाच्या अंतऱ्यात मी सलग आठ स्वर लिहिले होते. त्यांनी मला थांबवले. "तिथं दम घे ना बाबू. दम घेतल्याबिगर पुढचा शब्द कसा उचलशीन?" म्हणजे पाचव्या मात्रेवर विसावा होता. ते तिथे थकल्यामुळे थांबतात, असे मला इतके दिवस वाटत होते. ती जागा चालीतलीच होती.

आतापर्यंत अकरा चाली लिहून झाल्या आहेत. प्रत्येकीखाली पट्टी, ठेका आणि लिहिल्याची तारीख घातली आहे. वहीच्या पहिल्या पानावर सगळ्या चिन्हांचे अर्थ लिहिले, कारण पुढे ही वही उघडणाऱ्याकडे कोणते पुस्तक असेल ते मला ठाऊक नाही. वडिलांनी लिहिलेली 'चाल' ची ओळ मात्र कुठेही खोडलेली नाही. एखाद्याला ते मूळ गाणे येत असेलही.

परवा कोजागिरी झाली, काकडा पुन्हा सुरू झाला आहे. आबाजी आता दर दोन भजनांनंतर बसतात. बावन्न चाली बाकी आहेत.