धोतरा : निरोप अडवणारं विष

अंगणातली विषं – लेखांक पाचवा

मागच्या आठवड्यात आपण एरंड आणि गुंज पाहिली. त्या दोन्ही बियांमधलं विष पेशीत शिरून प्रथिनं तयार करण्याचं काम बंद पाडतं आणि पेशी मरतात. आजचं विष अगदी वेगळ्या जातीचं आहे. धोतरा पेशी मारत नाही, आतडं सोलत नाही, रक्त नासवत नाही. तो अंगातून उतरला आणि माणूस वाचला, तर सहसा कसलीही खूण मागे राहत नाही. पण तेवढ्या एक-दोन दिवसांत तो माणसाला घरच्यांचे चेहरे विसरायला लावतो आणि लहान मुलाचा जीवही घेऊ शकतो. हे कसं घडतं ते नीट समजलं, तर धोतऱ्याची बाधा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. घरच्या माणसालाही ती ओळखता येते. म्हणून आज जरा खोलात जाऊ.

झाड सगळ्यांच्या ओळखीचं आहे. उकिरड्याच्या कडेला, रस्त्याच्या भरावावर, पडक्या घराच्या जोत्यावर पावसाळ्यात उगवतं आणि कमरेएवढं वाढतं. कर्ण्यासारखं लांब पांढरं किंवा जांभळट फूल संध्याकाळी उमलतं. पान चुरगळलं की उग्र, नकोसा वास येतो. लिंबाएवढं काटेरी फळ वाळून तडकलं की आतून शेकडो बिया सांडतात. वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखू ही सगळी याचीच भावंडं. मुळापासून फुलापर्यंत झाडाचा एकही भाग निर्विष नाही आणि बियांमध्ये विष भरपूर असतं.

या बियांनी न्यायवैद्यकाच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून कामाला लावलं आहे, कारण त्या मिरचीच्या बियांमध्ये मिसळून जातात. जयसिंग मोदी यांचा न्यायवैद्यकावरचा ग्रंथ १९२० मध्ये निघाला आणि पिढ्यान् पिढ्या डॉक्टरांनी त्यावरून हा फरक पाठ केला. मिरचीचं बी पातळ, गोलसर, पिवळट आणि गुळगुळीत असतं. जिभेला तिखट लागतं. धोतऱ्याचं बी जाडसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, तपकिरी असतं आणि त्याच्या पाठीवर बारीक खड्डे असतात, चव कडू. बी मधोमध चिरून भिंगाखाली धरलं, तर आतल्या अंकुराचं टोक मिरचीत आत वळलेलं दिसतं आणि धोतऱ्यात बाहेर. अंकुराच्या एवढ्याशा वळणावरून विषप्रयोगाचा माग लावता येतो. (चव घेऊन खात्री करण्याच्या फंदात मात्र कोणी पडू नये.)

आता शरीरात काय होतं ते पाहू. मज्जातंतू आणि स्नायू, मज्जातंतू आणि ग्रंथी यांच्यामध्ये अगदी सूक्ष्म फट असते. ती ओलांडून निरोप पोचवायचा तर मज्जातंतू एक रसायन सोडतो. ही गोष्ट ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सिद्ध केली. तिचा निबंध १९२१ चा. त्याने बेडकाची दोन हृदयं द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू उत्तेजित केल्यावर ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचं द्रावण काढून दुसऱ्या हृदयात सोडलं, तर मज्जातंतूचा संबंध नसताना तेही मंदावलं. म्हणजे निरोप द्रावणात उतरला होता. ते रसायन ॲसिटिलकोलीन होतं. हेन्री डेल यांच्यासोबत लोवीला १९३६ चं नोबेल मिळालं.

धोतऱ्यात ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही तीन मुख्य अल्कलॉइडं असतात. ॲसिटिलकोलीन पेशीवरच्या ज्या ग्राहीवर बसून काम करवून घेतं, त्याच जागी ही जाऊन बसतात आणि काहीच करत नाहीत. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं आहे हे: रुमाल प्रवास करत नाही, पण खऱ्या प्रवाशालाही बसू देत नाही. ही उपमा ध्यानात ठेवा, पुढे उपचारांच्या वेळी लागेल.

या ग्राहींमार्फत ॲसिटिलकोलीनचे निरोप जिथे जिथे जातात, ते सगळं ठप्प होतं. लाळ सुटत नाही, तोंडाला कोरड पडते, घास गिळता येत नाही. घाम थांबतो, त्वचा तापून लाल आणि कोरडी पडते. घाम नाही म्हणून अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि ताप चढत जातो. लहान मुलांमध्ये हाच ताप सर्वांत घातक. व्हेगसचा लगाम सुटल्याने हृदय बेफाम धावतं. डोळ्याची बाहुली आकसून घेणारा स्नायू सैल पडतो, ती मोठी होते आणि उजेड सहन होत नाही. भिंगाची पकड सुटते, म्हणून जवळचं दिसत नाही. आतड्यांची हालचाल मंदावते. मूत्राशय भरून तटतटतं, तरी लघवी होत नाही.

ही लक्षणं साधारण अर्ध्या-एक तासात सुरू होतात आणि मग विष मेंदूत उतरलेलं दिसू लागतं. रुग्ण असंबद्ध बडबडतो, हवेतलं काहीतरी वेचतो, अंगावरच्या कपड्यांशी चाळा करतो, खोलीत नसलेल्या माणसांशी बोलतो. कधी उठून पळत सुटतो. विहीर, रस्ता, गच्चीचा कठडा यांचं भान राहत नाही, त्यामुळे काही जीव विषाने न जाता अपघाताने जातात. बरं झाल्यावर मधल्या काळातलं त्याला बहुधा काहीच आठवत नाही.

इतिहासातली एक नोंद इथे हुबेहूब बसते. १६७६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात बंड मोडायला आलेल्या इंग्रज सैनिकांनी जेम्सटाउनजवळ धोतऱ्याची कोवळी पानं भाजी म्हणून उकडून खाल्ली. रॉबर्ट बेव्हर्ली याने १७०५ मध्ये छापलेल्या इतिहासात लिहिलं आहे की एक जण हवेत पीस फुंकत बसला, दुसरा त्या पिसावर काड्या फेकत राहिला, तिसरा उघडाच कोपऱ्यात दात विचकून बसला. त्यांना कोंडून ठेवावं लागलं. अकरा दिवसांनी शुद्धीवर आले तेव्हा घडलेलं कोणालाच आठवत नव्हतं.

आपल्याकडे हा विसर चोरांनी हेरला. नॉर्मन चेव्हर्स या इंग्रज डॉक्टरने १८५६ मध्ये बंगाल प्रांतासाठी लिहिलेल्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथात धोतऱ्याच्या प्रकरणांची मोठी जंत्री आहे: वाटसरूशी सलगी करायची, मिठाईतून किंवा पिठातून धोतरा चारायचा आणि सामान घेऊन पसार व्हायचं. लुटलेल्या माणसाला चोराचा चेहराही सांगता येत नसे. तेव्हा परीक्षाही अशी होती की रुग्णाच्या लघवीचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकायचा आणि बाहुली मोठी होते का ते पाहायचं. रेल्वेत अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नका, ही सूचना आजही ऐकू येते, ती उगाच नाही.

पण आज बहुतेक घरांना धोका आहे तो अजाणतेपणीच्या बाधेचा. मुलं काटेरी बोंड फोडून बिया तोंडात टाकतात. कोवळी पानं रानभाजीच्या जुडीत येतात. शेतातलं तण पिकासोबत कापलं जातं आणि बी धान्यात मिसळतं. २०१९ मध्ये युगांडाच्या करामोजा भागात मदत म्हणून वाटलेल्या पौष्टिक पिठातून नेमकं हेच झालं. सुमारे ३०० माणसं आजारी पडली आणि पाच दगावली. सोयाबीनच्या रानात धोतरा दिसला तर तो फुलावर येण्याआधीच उपटला पाहिजे, असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. चांगलं धडधाकट माणूस अचानक बरळू लागलं, लाल डोळ्यांनी शून्यात बोलू लागलं, की घरात पहिला संशय 'बाहेरच्या बाधे'चा येतो. अंगारा, लिंबू, देवऋषी यात मोलाचे तास जातात. अशा वेळी तीन गोष्टी बघा: डोळ्याच्या बाहुल्या टपोऱ्या झाल्या आहेत का, तोंड कोरडं ठणठणीत आहे का आणि अंग तापलेलं असून काखेत घामाचा टिपूस नाही असं आहे का. तिन्ही एकत्र दिसली, तर संशय अन्नावर घ्या आणि रुग्णालय गाठा.

रुग्णालयात ताप उतरवण्यासाठी अंग ओलं करून वारा घालतात, खवळलेल्या मेंदूला शांत करणारी औषधं देतात, नळी घालून मूत्राशय मोकळं करतात, हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवतात. बहुतेक रुग्ण एवढ्याने सुधारतात. बाधा तीव्र असेल, तर उतारा आहे आणि तोही एका विषारी बीमधूनच आला. नायजेरियातल्या कॅलाबारकडे आरोपीला एका शेंगेच्या विषारी बिया चारून त्याचं खरं-खोटं ठरवत. त्यातलं फायसोस्टिग्मिन हे द्रव्य ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला अडवतं. ॲसिटिलकोलीन साठत जातं, प्रवाशांची गर्दी वाढते आणि जागेवरचे रुमाल बाजूला सारले जातात. १८६४ मध्ये प्रागमध्ये काही कैदी दारू समजून ॲट्रोपिनचं द्रावण प्याले, तेव्हा क्लाइनवेख्टर या डॉक्टरने हा उतारा वापरला. तो जपून द्यावा लागतो, चुकला तर हृदय बंद पाडू शकतो. ते काम डॉक्टरांचंच.

आता हेच उलट करून पाहा. कापसावर, सोयाबीनवर फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकंही त्याच विकराला अडवतात, पण बेताल. ॲसिटिलकोलीनचा पूर येतो. घाम, लाळ, अश्रू यांच्या धारा लागतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी भरून श्वास गुदमरतो. सगळी लक्षणं धोतऱ्याच्या बरोबर उलटी. म्हणून यातला मुख्य उतारा म्हणजे धोतऱ्यातलं तेच ॲट्रोपिन. छाती कोरडी होईपर्यंत ते शिरेतून देत राहावं लागतं. एकेका रुग्णाला कधी शंभरावर इंजेक्शनं लागतात. जास्त झालं तर रुग्ण धोतरा खाल्ल्यासारखाच बरळू लागतो, म्हणून उशाशी बसून हिशेब ठेवावा लागतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या सगळ्यांच्या बाधेचं कारण एकाच जातीचं रसायन नव्हतं. पण ज्या तालुक्यात फवारणी होते, तिथल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात ॲट्रोपिनचा पुरेसा साठा आणि ते देता येणारा माणूस असलाच पाहिजे. नसेल तर ती अक्षम्य हेळसांड आहे.

औषध म्हणून धोतऱ्याची वाट जुनी आहे. जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी १८०४ मध्ये धोतरा आणि बचनाग यांचा काढा देऊन एका स्त्रीच्या स्तनाचा कर्करोग कापून काढला; बोस्टनमधल्या ईथरच्या प्रयोगाच्या ४२ वर्षं आधी. तो काढा पारखताना त्यांच्या पत्नीची दृष्टी गेली होती. दम्यासाठी पानांचा धूर ओढण्याची आपली रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडला पोचली. आज दम्याच्या फवाऱ्यात मिळणारं इप्राट्रोपियम हा ॲट्रोपिनचाच सुधारलेला अवतार. तो श्वासनलिका मोकळी करतो आणि मेंदूपर्यंत जवळजवळ पोचत नाही. कनकासवासारख्या आयुर्वेदीय औषधात धोतरा असतो, पण कायद्याने तो विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि तो वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो.

घरी पानं वाळवून धूर ओढणं किंवा कोणी सांगितलं म्हणून बी उगाळून घेणं यातलं काहीही करू नका. दोन झाडांत, एकाच झाडाच्या दोन पानांत, दोन ऋतूंतही विषाचं प्रमाण बदलतं, त्यामुळे शेजाऱ्याला सोसलेली मात्रा तुम्हाला सोसेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. फवारणीची बाधा झालेल्याला उतारा म्हणून धोतरा चारण्याचा विचारही मनात आणू नका.

महाशिवरात्रीला महादेवाला धोतरा वाहणाऱ्या घरांना एक विनंती आहे. पूजा झाली की फुलं आणि बोंडं मोजून उचला, मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि हात साबणाने धुवा. धोतरा हाताळून डोळा चोळला, तरी बाहुली मोठी होते. कोणी खाल्ल्याचा संशय आला, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका. बरळणाऱ्या माणसाची ओकारी श्वासनलिकेत जाऊ शकते. अंगावर ओलं फडकं ठेवा, त्याला एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा आणि उरलेली भाजी, पान किंवा बोंड कागदात गुंडाळून सोबत न्या. डॉक्टरांना ते दाखवा.