एका पाणलोटातली 27 नगरं

जून 1964. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन मिनियापोलिसचा मिनेहाहा धबधबा पाहायला येणार होते आणि धबधब्याला पाणीच नव्हतं. 53 फुटांचा कडा उन्हात कोरडा पडला होता. शेवटी नगरपालिकेनं वरच्या अंगाचे आग विझवायचे नळ उघडून पाणी ओढ्यात सोडलं आणि पाहुण्यांपुढे धबधबा वाहता केला. बरोबर पन्नास वर्षांनी, जून 2014 मध्ये, याच ओढ्याच्या उगमाशी असलेल्या मिनेटोंका सरोवरानं पातळीचा उच्चांक गाठला आणि ओढा काठ सोडून वाहू लागला.

मिनेटोंका, मिनेहाहा, मिनेसोटा. या नावांच्या पोटात डकोटा भाषेतला ‘म्नी’ हा शब्द आहे. म्नी म्हणजे पाणी. हा 22 मैलांचा मिनेहाहा ओढा सरोवराच्या ग्रेज बे भागातल्या बंधाऱ्यातून निघतो. मिनेटोंका, हॉपकिन्स, सेंट लुइस पार्क, एडिना अशी नगरं ओलांडत तो मिनियापोलिसात शिरतो आणि शेवटी मिसिसिपीला मिळतो. वरच्या नगरानं पार्किंगसाठी डांबर ओतलं की पुराचं पाणी खालच्याच्या दारात येतं. कुठल्याही एका नगरपालिकेच्या हातात सबंध ओढा कधीच नसतो.

म्हणून तिथे पाणलोट मंडळ आहे. 1930 च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेतं उडवून नेली, तेव्हा अमेरिकेत ठिकठिकाणी मृदसंधारण मंडळं उभी राहू लागली. मिनेसोटा राज्यानं 1955 मध्ये पाणलोटांसाठी वेगळा कायदा केला आणि त्याखाली 1967 मध्ये मिनेहाहा क्रीक पाणलोट मंडळ स्थापन झालं. त्याची हद्द पावसाच्या पाण्यानं आखलेली आहे. सुमारे 180 चौरस मैलांच्या या प्रदेशात 129 तलाव, 27 नगरं आणि 2 टाउनशिप येतात. काउंट्यांनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, नेमलेले सात व्यवस्थापक कारभार पाहतात. मंडळाला मालमत्ता कर लावता येतो, बांधकामांसाठी नियम करता येतात. पण कुठे घरं बांधायची, कुठे दुकानं, रस्ता किती रुंद, हे ठरवतं ते नगरच. माझ्या मते या संस्थेची खरी अडचण आणि तिचं खरं शहाणपण, दोन्ही इथेच आहे.

मंडळाचा आराखडा जास्तीत जास्त दहा वर्षांचा असतो. मसुदा तयार झाला की तो राज्याच्या खात्यांकडे, काउंट्यांकडे आणि पाणलोटातल्या प्रत्येक नगराकडे जातो. हरकती-सूचनांसाठी 60 दिवस मिळतात. नगराचा अभियंता आणि नियोजक मसुदा वाचतात. तलावातला फॉस्फरस इतका कमी करायचा म्हणता, तर त्यातला आमचा वाटा किती? झाडाझुडपांचा पट्टा राखायचा, तर त्याची निगा कोणाच्या पैशानं? आमचा परवाना असताना तुमचा दुसरा कशाला? अशा प्रश्नांना मंडळानं लेखी उत्तर द्यायचं आणि मगच जाहीर सुनावणी घ्यायची, असा नियम आहे.

ही नुसती औपचारिकता नाही. आराखडा मंजूर झाला की चेंडू नगराच्या अंगणात येतो. नगराला त्याच्याशी जुळणारा स्वतःचा जलआराखडा करावा लागतो आणि तो मंडळापुढे ठेवावा लागतो. आता 60 दिवस मंडळाचे. मंजुरी मिळाल्यावर 120 दिवसांत तो स्वीकारायचा आणि 180 दिवसांत आपले बांधकाम-नियम बदलायचे. आज ज्यानं तपासलं, त्याचं उद्या तपासलं जातं. मला ही अदलाबदल फार मोलाची वाटते, कारण ज्या नगरानं मसुदा न वाचताच ‘हरकत नाही’ असं कळवलं, त्याला पुढची दहा वर्षं त्याच मसुद्यानं बांधून घ्यावं लागतं.

तरीही मसुद्यावर मिळणारे 60 दिवस उशिराचेच. तोवर आकडे ठरलेले असतात. या मंडळाला ते उमगलं. 2014 मध्ये त्यानं धोरणच केलं की नगरं, बांधकाम व्यावसायिक, रहिवासी यांच्यासोबत कामाच्या आरंभीच बसायचं, कारण शहर वाढतं तिथेच पाणीही राखता येतं. हॉपकिन्समध्ये ओढ्याकाठी एक भलंमोठं शीतगृह उभं होतं. ती सुमारे 17 एकर जागा मंडळानं या धोरणाआधीच, 2011 मध्ये, विकत घेतली होती. ओढ्यालगत रस्त्यांवरून वाहून येणारं पाणी निवळण्यासाठी जागा आणि उरलेल्या भागात नवी वस्ती, असा बेत होता. शेजारच्या सेंट लुइस पार्कमध्ये, पूर्वी सरळ चर खणून कोंडलेल्या ओढ्याला त्याची जुनी वळणं परत दिली. पाणथळीवरून आता फळ्यांची पायवाट जाते आणि मेथडिस्ट रुग्णालयातले रुग्ण तिच्यावरून ओढ्यापर्यंत येऊ शकतात.

मंडळाच्या सध्याच्या आराखड्याची मुदत 2027 मध्ये संपते.